ओट्याच्या उंचीची गाडी

अनसाआत्या कुठेही एकदम बसत नसे. आधी तळहातानं दाबून बघायची, मग पाठ फिरवून नुसती टेकायची, आणि पसंत पडलं तरच अंगाचा भार टाकायची. आमच्या इंदिरानगरच्या घरात नवा सोफा आला तेव्हा शेजारीपाजारी बसून कौतुक करून गेले. आत्यानं हात लावला आणि निकाल दिला, "हा बसायचा नाय, पडायचा हाय. पडलेल्याला उठवणार कोण?" आणि ती बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. सोफ्यावर ती शेवटपर्यंत बसली नाही. त्यावर वाळवणाच्या कुरडया मात्र तिनं न विचारता पसरल्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मखमलाबादला तिच्या सासरचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. ती फुलं पंचवटीत नेऊन विकायची. वर्षानुवर्षं उकिडवं बसून गुडघे तिथंच गेले. काका वारले, मूलबाळ नव्हतं, मळा दिरांकडे राहिला आणि नव्वदच्या दशकात ती आमच्याकडे आली. गुडघे सोडले तर तिचं सगळं ठणठणीत होतं, जीभ तर फारच.

मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात होतो. पंखा घ्यायचा तरी वॉट आणि वॉरंटी यांची तुलना केल्याशिवाय मला झोप येत नसे. आत्या माझ्या या सवयीला 'बापूचं चाळणं' म्हणायची. "बापूनं चाळणी हातात घेतली का दाणं बी खाली जात्यात आन भुसा बी. चाळणीत उरतं काय, तर बापू."

आत्याची धाकटी बहीण पारूआत्या चांदवडला दिलेली. या दोघींचं लहानपणापासून एकमेकींवाचून पान हलत नसे. पण आत्यानं प्रवास सोडून दिला होता, आणि त्याला कारण झालं लासलगावचं एक लग्न. परतताना वऱ्हाडाच्या जीपमध्ये आत्याला पाय उचलून चढता येईना. दोघा भाच्यांनी तिला काखेत हात घालून वर चढवलं. मुलाकडचा कुणीतरी कांद्याचा व्यापारी तिथे उभा होता. तो म्हणाला, "सांभाळून रे, गोणी फुटंल." सगळे हसले. आत्याही हसली. घरी आल्यावर ओट्यावर टेकून म्हणाली, "माझा माल चढवला-उतरवला तेवढा बास झाला. आता मार्केट बंद."

त्यानंतर ती फक्त रिक्षात बसे. आमची जुनी छोटी मोटार होती, पण तिच्याबद्दल आत्याचं म्हणणं असं, की आत जाताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं आणि बाहेर येताना पोहऱ्यासारखं ओढून काढावं लागतं. बसच्या पायऱ्या तर अशक्यच. आम्ही आधार देतो म्हटलं की ती म्हणायची, "आधार आन उचलणं यातलं अंतर मला कळतं."

दोन हजार तीनच्या सुमारास चांदवडहून निरोप आला. पारूआत्याची नजर साखरेनं चालली होती. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यात अंधूक दिसत होतं. निरोप एवढाच होता: "थोडं दिसतंय तवर ये. मंग आलीस काय नि नाय आलीस काय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत असताना आत्या म्हणाली, "बापू, मोठी गाडी घ्यायची म्हणत होतास नं? घे. पन मला कुनी हात न लावता बसता आलं पायजे."

मी कामाला लागलो. आत्या स्वयंपाकघरातल्या एका लाकडी खुर्चीवर कधीकधी बसे. मी टेप घेऊन त्या खुर्चीची उंची मोजली आणि मग शोरूम पालथ्या घालायला सुरुवात केली. टाय लावलेली पोरं मायलेज आणि पिकअप सांगत, आणि मी दार उघडून जमिनीपासून सीटपर्यंत टेप लावत असे. एकानं शेवटी विचारलंच, "सर, गाडी घ्यायचीय की पडदे शिवायचेत?" माझ्या मोजमापाप्रमाणे छोट्या मोटारी खुर्चीहून बुटक्या होत्या आणि आठ माणसांच्या गाड्या फारच उंच. शिवाय नव्या गाडीची किंमत आमच्या आवाक्याबाहेर. मी घरी येऊन जाहीर केलं की खुर्चीच्या उंचीची मोठी गाडी अजून कुणी बनवलेली नाही.

"खुर्ची कशाला मोजलीस?" आत्या म्हणाली. "खुर्चीवर बसताना गुडघं मोडावं लागत्यात. उठताना माझं मला म्हाईत. मी ओट्यावर कशी बसते ते कधी बघितलंस?"

मी वीस पावलांवरून रोज बघत होतो आणि बघितलं नव्हतं. ओटा कमरेला लागे. आत्या त्याला पाठ लावून टेकायची, अंग मागे सरकवायची आणि मग एकेक पाय वर घ्यायची. गुडघ्यांना कामच नाही. म्हणजे हवी होती ती ओट्याच्या उंचीची गाडी. मोटारीसारखी खोल नको, जीपसारखी उंच नको, दोन्हींच्या मधली. मी ओटा मोजला.

मग जुन्या गाड्या बघण्याचे रविवार सुरू झाले. मी, माझी बायको सुनंदा आणि रिक्षातून आत्या. मी बॉनेट उघडून धूर, तेल, पट्टे बघायचो. आत्या मधल्या सीटवर टेकून बघायची. जमलं तर आत जाऊन दार लावून घ्यायची आणि पुढे बसलेल्या आम्हा दोघांना सांगायची, "हां, आता भांडा."

"कशावरून?" मी पहिल्यांदा विचारलं.

"रोज काय शोधावं लागतं का? चालू करा. मला मागं ऐकू आलं पायजे. मला नाय कळलं तर मी कुनाची बाजू घ्यायची?"

सुनंदानं लगेच माझ्या भावाच्या लग्नातल्या आहेराचा विषय काढला. तो एवढा रंगला, की गाडीचा मालक बिचारा खाली उतरून उभा राहिला. आत्यानं मागून निवाडा सुनंदाच्या बाजूनं दिला आणि गाडी नापास केली. इंजिनाचा आवाज मध्ये येत होता.

तिचे सगळेच निकाल बरोबर असत असं मात्र नाही. सिडकोत एक चांदीच्या रंगाची गाडी उत्तम होती. इंजिन गुळगुळीत, कागद स्वच्छ. मालकानं ती घासूनपुसून चकचकीत ठेवली होती. आत्यानं दुरूनच मान हलवली. "पानी मारलेलं फूल हाय हे. शिळ्या शेवंतीवर आम्ही बी मारायचो." माझं काही चाललं नाही. तीच गाडी पुढे आमच्या गल्लीतल्या एकानं घेतली आणि ती कित्येक वर्षं विनातक्रार धावली. ती समोरून गेली की आत्या पदर सारखा करण्यात गुंतायची.

अशात पगारे साहेबांची गाडी कळली. ते बँकेत अधिकारी होते, मुलं शिकायला पुण्याला गेली म्हणून मोठी गाडी विकत होते. गर्द हिरवी, धुळीनं माखलेली. त्यांनी ती धुतलीही नव्हती. आत्या खूश झाली. "न धुता दाखवतोय, म्हंजी माणूस धीट हाय." तिनं पाठ लावली, टेकली, दारावरचं हँडल धरलं, एक पाय आत, दुसरा पाय आत. कुणी बोट लावलं नाही. तिनं पदर सावरला आणि समोर बघत बसून राहिली. भांडायलासुद्धा सांगितलं नाही.

पण माझं चाळणं चालू होतं. क्लच जड लागत होता. पुढचे टायर एका कडेनं झिजले होते. तिसऱ्या गिअरला बारीक घरघर होती. मी पगारे साहेबांना म्हणालो, "महिनाभर द्या. माझा मेकॅनिक गावाला गेलाय, शिवाय आणखी दोन गाड्या बघायच्या आहेत."

साहेब शांत माणूस. म्हणाले, "बघा. गाडी कुठे जात नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला. "गल्लीत फिरवून काय कळतंय? भरलेली गाडी घाटात घाला. चांदवडच्या पुढं घाट हाय ना?"

मला ते पटलं. भार आणि चढ असल्याशिवाय क्लचची खरी परीक्षा होत नाही. पगारे साहेबांचीही हरकत नव्हती. येत्या रविवारी ते बरोबर यायला तयार झाले. चांदवड हे नाव कुणी उच्चारलं याचा मी तेव्हा विचार केला नाही.

रविवारी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. मांडीवर पिशवी घेतलेली, नेहमीपेक्षा जड. मला वाटलं, बहिणीसाठी भाकऱ्या असतील. ओझर, पिंपळगाव मागे पडलं. कांद्याचे ट्रॅक्टर ओलांडताना मी गिअर बदलत होतो आणि घरघर ऐकत होतो. आत्या मागे सुनंदाशेजारी बसून खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत होती आणि कुठला मळा पूर्वी कुणाचा होता ते पगारे साहेबांना सांगत होती. ते सगळ्याला "हो का" म्हणत होते.

"आधी घाट करून येऊ," मी चांदवड जवळ आल्यावर म्हणालो.

"आधी पारीचं घर. घाटात मला चक्कर येती."

आम्ही पारूआत्याच्या दारात थांबलो. आत्या आपली आपण उतरली. पारूआत्या उंबऱ्यात उभी होती, मान एका बाजूला कलती करून, उरलेल्या डोळ्यानं बघत. "अनसे, तूच का गं?" एवढंच म्हणाली. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मला काय करावं सुचेना, म्हणून मी पगारे साहेबांना म्हणालो, "चला, हायवेवर गॅरेज आहे, एखादा मेकॅनिक घेऊन येऊ. घाटाआधी टायर बघू दे." आम्ही चालतच गेलो.

मेकॅनिकला घेऊन परतलो तर गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. आरशापासून आरशापर्यंत झेंडूचा हार होता. चारही चाकांखाली लिंबं होती. नारळ फुटलेला होता आणि सुनंदा त्याचे तुकडे करून गल्लीतल्या बायकांना वाटत होती.

मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलं. "शेठ, पूजा झाली ना? मंग मी काय बघू?"

पगारे साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांना जमलं नाही. "आमच्या घरी ही पद्धत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं गाडी नारळाशिवाय चालली. आता नारळावर किती चालते ते मला कळवा."

मी आत्याला बाजूला घेतलं. आवाज शक्य तेवढा खाली ठेवून म्हणालो, "आत्या, अजून भाव ठरायचाय. टायर, क्लच, सगळं बोलायचं होतं. घाटसुद्धा राहिलाय."

"घाट काय पळून जातोय का? तो तिथंच हाय," आत्या म्हणाली. "पारीचे डोळे नाय थांबायचे."

तिकडे पारूआत्या बॉनेटवरून तळहात फिरवत होती. स्वस्तिक तिनंच काढलं होतं. त्याचा एक हात लांब आणि एक आखूड झाला होता. "अनसे, रंग कोंचा हाय गं?"

"हिरवा. तुझ्या लग्नातल्या शालूवानी."

"मंग चांगला हाय," पारूआत्या म्हणाली.

आत्यानं खोबऱ्याचा मोठा तुकडा पगारे साहेबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "क्लच मी बदलून देतो. आमच्याकडून आहेर समजा." टायर मात्र मलाच घ्यावे लागले. घाट आम्ही हार घातलेल्या गाडीनं चढलो. घरघर तशीच होती. तिचा पुढे कधी काही त्रास झाला नाही, आणि ती कशाची होती हेही मला कधी कळलं नाही.

त्यानंतर आत्यानं मार्केट उघडलं. दर महिन्याला चांदवड, सणाला मखमलाबाद, आणि ज्यांनी उचलून चढवलं होतं त्या भाच्यांकडे लासलगावला तर मुद्दाम. त्यांच्या दारात गाडी थांबली की ती खिडकीतून हाक मारून सगळ्यांना बाहेर बोलवायची, आणि सगळे जमल्याशिवाय उतरायची नाही. पारूआत्याची नजर पुढच्या वर्षी पूर्ण गेली. तरी गाडी दारात आली की ती बॉनेटवर हात ठेवायची आणि म्हणायची, "हिरवीच हाय ना अजून?"

आत्या शेवटी आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी अँब्युलन्स पाठवली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. आत्या भिंतीला धरून ओट्यापर्यंत आली होती. "ते ठेवा तिकडं," ती त्यांना म्हणाली. "बापू, गाडी काढ." तिला फार वेळ लागला. मी उघड्या दारापाशी उभा होतो, हात मागे बांधून. तिनं पाठ लावली, टेकली, हँडल धरलं. एक पाय आत गेला, आणि मग दुसरा. दवाखान्यातून ती परत आली नाही.

गाडी मी आणखी दोन वर्षं ठेवली. मग आमचा मुलगाही शिकायला बाहेर गेला आणि पगारे साहेबांसारखाच मीही विकायला काढली. ओझरहून एक गृहस्थ बघायला आले. माझ्याच वयाचे, हातात टॉर्च. मी त्यांना गाडीतलं जे काही बिघडलेलं होतं ते आपणहून सांगितलं. तरी ते खाली वाकून बघत राहिले. "डाव्या मधल्या दाराचं हँडल एवढं कसं झिजलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वापरलंय."

त्यांची आई फाटकापाशी उभी होती. गुडघ्यावर एक हात. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "इंजिन नंतर बघा. आधी आईंना बसू द्या. त्यांना हात लावू नका."

म्हातारी गाडीपाशी आली. तिनं सीट तळहातानं दाबली, पाठ फिरवली आणि टेकली. मग हँडल धरून एकेक पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

"तसं अजून दोन-तीन ठिकाणी बघायचंय आम्हाला," तिचा मुलगा टॉर्च विझवत म्हणाला. "महिनाभरात कळवतो."

आतून आवाज आला, "बघ तू. मी बसलेय."

तिच्या हातात नारळ तेवढा नव्हता.