पडवीत मला जे कळलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढेसुद्धा ओठ हलवले नाहीत. तुम्हाला सांगते — शेजारी बसून ऐकताय असं धरून. अक्षर मी घरीच गिरवून शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गोष्ट मात्र आहे तशीच लिहीन.

माझं सासर किन्हवलीकडचं. भातशेती, सासूबाई, दोघे भाऊ. मी थोरली सून. दुसरी लढाई लागायच्या आधी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि मुरबाडकडची सगुणा घरात आली. शेणाची पाटी डोक्यावर असली तरी हिचं तोंड चालूच. मला बाय म्हणायची.

तेव्हा विटाळ कडक. बाहेर बसलेल्या बाईला चार दिवस कुणी शिवायचं नाही. गोठ्याकडच्या पडवीत तिचं ताट वेगळं, घोंगडी वेगळी. आमची दोघींची वेळ बरेचदा एकच यायची. खरं सांगू? मला ते दिवस आवडायचे. सासूबाई लांबून ओरडायच्या, "बाजार भरला गो दोघींचा! गुरांना तरी झोपू द्या!"

तिथेच एकदा सगुणानं माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "बाय, हितं बघ ना. काय तरी लागतंय. मला भ्याव वाटतं." गाठ होती. सुपारीएवढी, दुखरी, बोटाखाली सरकणारी.

मी ती ओळखली. कारण — कसं लिहू — तसल्याच गाठी मलाही होत्या. लग्नाच्या आधीपासून. पाळी जवळ आली की छाती भरून दगड व्हायची, गाठी वर यायच्या. बाहेर बसले की हळूहळू विरायच्या. मी तिला एवढंच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "मला काय ठावं? आईंना दाखव."

पुढच्या खेपेला, पाळीच्या तोंडावर, तिनं दाखवली. सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. घाबरल्या. त्यांना येत होतं ते त्यांनी केलं — बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, ते गाठीवर लावायचं. कातडी जळते, फोड येतात. "थोरले, हिचे हात धर," म्हणाल्या. मी धरले.

मग सगुणा बाहेर बसली. न्हाऊन घरात आली तेव्हा सासूबाईंनी चाचपून पाहिलं — गाठ नाही! "बघ, खाल्ली का नाय बिब्ब्यानं?" पुढच्या महिन्यात गाठ परत वर. परत बिब्बा. परत मी हात धरले. कळतंय ना तुम्हाला? विटाळाच्या दिवसांत तिला कुणी हातच लावत नव्हतं, म्हणून गाठ आपली आपण विरते हे कुणाला दिसलंच नाही. श्रेय बिब्ब्याला. ठाऊक होतं ते एकटीला मला. पण बोलले असते तर विचारलं असतं, तुला कसं ठावं? मग चोळी मला सोडावी लागली असती. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

दुसऱ्या बाजूला गाठ आली, तीही जाळली. तिला दिवस गेले तेव्हाच ते थांबलं.

मुलगा झाला. जळून आखडलेल्या कातडीनं बोंडं आत ओढली होती. दूध दाटलं, बाहेर येईना. पोर किंचाळायचं, सगुणा तापानं फणफणायची. माझी धाकटी लेक अंगावर पीत होती, तेव्हा मी त्यालाही पदराखाली घेतलं. गावभर झालं — थोरलीचं मन केवढं मोठं! मी ऐकून घेतलं. गोड लागलं का? लागलं.

पुष्कळ वर्षांनी नातीच्या छातीत गाठ आली. तिला घेऊन शहापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी तपासलं आणि समजावलं — शरीरात हार्मोन म्हणून रस असतात, ते पाळीच्या आधी वरखाली होतात, त्यानं छाती भरते, गाठी येतात, पाळी झाली की ओसरतात. पुष्कळ बायकांना होतं. ओसरली नाही तर मात्र लगेच दाखवायची. नात हसायला लागली. मला त्यातलं रसाचं नाव तेवढं नवीन होतं.

घरी आलो तर सगुणा ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. "काय म्हनली गो डाक्टरीण?"

"काय नाय. ताकद नाय म्हनली पोरीला."

"बरं झालं बाय. बिब्बा नाय ना घालनार?" ती हसली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तू व्हतीस म्हनून माझं पोर जगलं."

सासूबाई जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. माझी पाळी गेली तशा माझ्या गाठीही गेल्या होत्या. चोळी सोड म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "असू दे गो," आणि तिच्या पुढ्यातले खडे वेचायला बसले.