आमरीला विटांचा शेक

शिक्षिका म्हणून बोरीला आले तेव्हा सामानात एक आमरीही होती, म्हणजे ऑर्किड. शिक्षणाच्या वेळच्या कोकणातल्या मैत्रिणीने दिलेली. लाकडाच्या ओंडक्याला मुळांनी चिकटलेली, जाड पानांची. तिकडच्या दमट हवेतली ती. आमच्याकडची पुसाची थंडी तिला सोसत नसे. म्हणून मी तिला लाकडी खोक्यात ठेवून वर बल्ब पेटता ठेवायची.

शेजारीण एकदा बघून म्हणाली, "बाई, ह्याला फळ येतंय का?"

"नाही."

"मग कशाला एवढं जपायलात?"

"मला आवडतं म्हणून."

ही गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत गेली. शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तुमच्या लोकांनी आधी पोटापाण्याचं बघावं. हे साहेबी शौक कशाला?"

आमच्या घरात बौद्ध झाल्यावर शिकलेली मी पहिली. 'तुमच्या लोकांनी' म्हणजे कुणी, ते मला बरोबर कळलं.

"पोटापाण्याचं झालं सर," मी म्हणाले. "आता शौकाचंच बघतेय."

त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीही.

त्याच हिवाळ्यात गावाबाहेर विजेची तार तुटली आणि चार दिवस वीज आली नाही. पहिल्या संध्याकाळी मी खोक्याजवळ कोळशाची शेगडी ठेवली. सकाळी दोन पानं पिवळी पडलेली. त्याच दिवशी पेडगावहून माझी आई आली. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलेली बाई. खोलीत शिरताच तिने शेगडी उचलून बाहेर नेली.

"धुरानं माणूस गुदमरतंय, झाडाचं काय घेऊन बसलीस?"

मग तिने चुलीत दोन विटा तापवल्या, गोणपाटात गुंडाळल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि खोक्याच्या तळाशी ठेवल्या. तळहात उलटा करून ऊब पाहिली, बाळंतिणीच्या खाटेखालचा शेक पाहावा तशी. दिवस मावळताना एक जोडी, पहाटे दुसरी. तीन दिवस तिने मला विटांना हात लावू दिला नाही.

"तुला तरी हे झाड आवडतं का?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? पण तू ठेवलंस ना? मग मरू द्यायचं न्हाई."

वीज आली त्या दिवशी ती परत निघाली. एसटीच्या थांब्यावर गावातल्या एका बाईने तिला विचारलं, कुठं आलती म्हणून. आई सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लेकीकडं! मास्तरीण हाय ती. तिचं झाड लय आजारी होतं!"

लोक वळून बघायला लागले. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं. शेवटी मीही मान ताठ करून उभी राहिले.

आमरीची आणखी एक-दोन पानं गळाली, पण मुळांची टोकं हिरवी राहिली. त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही, पुढच्याही नाही. मी तिला रोज पाणी शिंपडत राहिले.