दाढीच्या मगातली पृथ्वी

पृथ्वीच्या पोटात काय काय आहे हे मी शाळेत अठरा वर्षं शिकवतोय. पण अंडं किती वेळ उकडायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुंडलिकनगरातलं आमचं घर कट्टर शाकाहारी. आईच्या धाकानं 'अंडं' हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाय! आणि माझ्या सातवीतल्या गौरीनं विज्ञान प्रदर्शनासाठी काय निवडावं? पृथ्वीचं अंतरंग!

"बाबा, तुम्हीच वर्गात सांगता ना? टरफल म्हणजे भूकवच, पांढरं म्हणजे प्रावरण, पिवळा गाभा. मला खरं अंडंच पाहिजे! गेल्या वर्षी माझा ज्वालामुखी पेटलाच नाय, सगळे हसले. औंदा नंबर आलाच पाहिजे." डोळ्यांत टचकन पाणी. झालं!

बायको माहेरी, पिशोरला. आई देवळात गेलेली बघून मी एक अंडं मागायला शेजारच्या शबाना भाभींचं दार वाजवलं, चोरासारखं.

"उबालके देतूं ना, सर!"

"नको नको, एवढं येतंय मला." (मास्तर माणूस! 'येत नाही' म्हणायची सवय नाही.) "फक्त आईला सांगू नका."

भाभी तोंडाला ओढणी लावून लई वेळ हसल्या. मला वाटलं, माझ्या भित्रेपणालाच हसतायत.

आईच्या भांड्यात अंडं शिजवायचं म्हणजे घर सोडायची तयारी! म्हणून माझा दाढीचा स्टीलचा मग गॅसवर चढवला. चहाला एक उकळी लागते, अंड्याला दोन देऊ, असा शास्त्रशुद्ध अंदाज केला. गौरीनं स्केचपेननं उकडलेल्या अंड्यावर समुद्र आणि खंड रंगवले, तेवढ्यात आई दारात!

"काय गं हे?"

"पृथ्वी, आजी."

आईनं निरखून पाहिलं. "बरी हाय. पर लहान हाय," म्हणाली आणि आत गेली. माझा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शनात पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले परीक्षक अगदी वाकून बघायला लागले. "आता आपण पृथ्वीच्या अंतरंगात जाऊ," म्हणत गौरीनं सुरी चालवली आणि अंतरंगच बाहेर आलं! पिवळी धार थेट सदऱ्यावर! मी खांबाआड तोंड लपवलं. पण पोरगी माझ्यापेक्षा हुशार.

"सर, बाह्य गाभा द्रवरूपच असतो!"

परीक्षकांनी सदऱ्याकडं पाहिलं, गौरीकडं पाहिलं आणि पोट धरून हसले. दुसरा नंबर!

त्या आनंदात गौरीनं घरी येऊन आजीला सगळं सांगून टाकलं, मगासकट. मी मान खाली घालून उभा.

"काय रं, कच्चंच काढलंस व्हय? धा मिन्टं लागत्यात."

"आई! तुला काय माहीत?"

"डाक्टरनं अशक्तपणावर रोज एक सांगितलंय मला. वरीस झालं, शबाना उकडून देती. तुला बोलले नाय. म्हटलं, पोरगं कट्टर हाय, जेवण टाकील!"

आता भाभींकडं रोज दोन अंडी उकडतात, एक आईचं, एक गौरीचं. मला कुणी विचारतसुद्धा नाही. घरातला कट्टर शाकाहारी तेवढा मीच निघालो!