पाच-पाच करून मागितलेली क्षमा

खापरच्या बाजारात माझं मोबाईलचं दुकान आहे आणि बरोबर समोर जडावकाकींचं कापडाचं. मधल्या रस्त्यावर दिवसभर जीपा, टेम्पो आणि गुजरातकडे जाणारे ट्रक. पण काकी फोनवर बोलू लागल्या की ट्रकवाल्यानेच हॉर्न आवरता घ्यावा असा त्यांचा आवाज. दुकान त्यांचा मुलगा रिषभ बघतो. काकी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, मक्याचं कणीस धरावं तसा फोन तोंडापुढे आडवा धरतात आणि चेन्नईतल्या भावाला आवाजाचा निरोप पाठवतात. तो चेन्नईला पोचायच्या आधी माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना पोचलेला असतो.

"काकी, त्याले माईक ऱ्हास. वरडानी गरज नही," असं मी त्यांना कितीदा सांगितलं.

"चेन्नई दूर शे रे भाऊ," एवढंच उत्तर.

भावाचं नाव सुगनचंद. काकींपेक्षा मोठे. त्या त्यांना भाईसा म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढावी लागली. तेव्हापासून भाईसा बोलत नाहीत. इकडे काकी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, अक्षर वाचता येत नाही. म्हणजे एकाला बोलता येईना आणि एकीला वाचता येईना. अशा दोन माणसांनी एकमेकांशी गप्पा कशा मारायच्या, हे देवानेही ठरवलं नसावं. ते त्या मेसेजच्या ॲपनं ठरवलं. काकी आवाज पाठवायच्या आणि भाईसा फोटो.

फोटो तरी कसले! ताटातला भात, गॅलरीतलं तुळशीचं रोप, पायातली नवी चप्पल. निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठा आडवा आलेला. काकी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या आणि मला रस्त्यापलीकडून निकाल सांगायच्या. "आज नुसता दहीभात शे. पोट बिघडेल दिखस." त्या कधी चुकल्या असतील असं वाटत नाही, आणि चुकल्या असल्या तरी त्यांना सांगणार कोण?

आता झालं काय ते सांगतो. पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरात जाणता-अजाणता ज्याचं मन दुखावलं असेल त्याची 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून क्षमा मागतो. पूर्वी काकी त्यासाठी घरोघर जायच्या. गुडघ्यांनी जाणं बंद केलं. यंदा नातीनं, प्रियलनं, हात जोडलेलं एक छान कार्ड त्यांच्या फोनमध्ये भरून दिलं, एकदम अनेकांना पाठवायला कुठे दाबायचं ते शिकवलं आणि ती कॉलेजला निघून गेली.

काकींचा फोन म्हणजे रिषभचा जुना फोन. त्यात दुकानाचे सगळे नंबर तसेच राहिलेले. मोलगीकडची गिऱ्हाइकं, सुरतेचे दलाल, मालाच्या टेम्पोचे ड्रायव्हर, कधीकाळी साडी बदलून मागायला आलेली कोणी बाई. काकींना नावं वाचता येत नव्हती, त्यामुळे कोणाला वगळावं हा प्रश्नच नव्हता. एका वेळी पाचच जणांना पाठवता येत होतं. काकींनी निर्जळी उपवासात, ओट्यावर बसून, पाच-पाच करून सबंध फोनची क्षमा मागितली.

आता एखाद्या ड्रायव्हरला अनोळखी नंबरवरून कार्ड आलं तर तो काय करील? यांनी माझं मन कधी दुखावलं असा विचार करत थोडाच बसेल. अनेकांनी ॲपवाल्यांकडे त्या नंबरची तक्रार केली असणार. दुपारनंतर खातं बंद.

दुसऱ्या दिवशी पारणं आटोपून काकी रस्ता ओलांडून आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्या दुकानात पहिल्यांदाच आल्या असतील.

"नवनीत, देख ना. मन्हा फोन रुसी गया."

मी पाहिलं. नियमांचा भंग झाल्यामुळे हे खातं वापरता येणार नाही, असं लिहिलं होतं. मी विचारलं, "काकी, कार्ड कितला जनले धाडं?"

"बठ्ठासले." म्हणजे सगळ्यांना.

"वळख तरी व्हती का त्यास्नी?"

"वळख नही म्हनीसन काय व्हयनं? दुकानमा कोनले ना कोनले काही ना काही बोलायेल ऱ्हास." मग अगदी हळू, "माफी मांगनं हाई गुन्हा शे का रे?"

मला हसू आलं आणि रागही आला. दिवसभर माझ्या फोनवर लॉटरीवाले आणि कर्जवाले मेसेज टाकत असतात, त्यांचं कोणी काही वाकडं करत नाही. आणि क्षमा मागितली म्हणून शिक्षा झालेली ही बाई! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खात्याचा पुन्हा विचार करा अशी विनंती पाठवायची सोय तिथेच होती. मी ती पाठवली, मेसेजनं आलेला कोड टाकला आणि म्हणालो, "आते वाट देखानी."

शेजारच्या पानटपरीवर बसलेला हिलाल मधेच म्हणाला की एक दुसरंच ॲप मिळतं, ते टाकलं की सगळं चालू होतं. असली बनावट ॲपं टाकून फोनमधलं सगळं गमावलेली माणसं रडत माझ्याकडेच येतात. मी त्याला पान खाऊन गप्प बसायला सांगितलं. नवं सिम घ्यायचं मी सुचवलं, तर काकी म्हणाल्या की भाईसांचे सगळे फोटो याच खात्यात आहेत, हेच पाहिजे.

"तवलोंग रिषभना फोनवरथून धाडा," मी म्हणालो.

काकी माझ्या काउंटरवरच्या चार्जरच्या वायरी सरळ करत बसल्या. मग बोलल्या.

त्यांनी सगळ्या जगाला कार्ड पाठवलं होतं, पण भाईसांना नाही; त्यांचा फोटो ओळखून तेवढं एक नाव सोडलं होतं. "त्यास्ले मी बठ्ठासना मांगे ठेयेल व्हतं," त्या म्हणाल्या. भाईसांना कार्ड पाठवायचं नव्हतं, स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. ऑपरेशन ठरलं तेव्हा भाईसांनी फोन करून बहिणीला विचारलं होतं. तेव्हा त्यांना आवाज होता. आणि काकी रागाच्या, भीतीच्या भरात बोलून गेल्या होत्या की मुका होऊन जगण्यात काय अर्थ, असलं जगणं कशाला पाहिजे. भाईसा ऐकून गप्प राहिले. त्यानंतर ते बहिणीशी कधी बोललेच नाहीत, कारण पुढे बोलायला आवाजच उरला नाही. दर संवत्सरीला काकी ठरवायच्या आणि दर वर्षी नुसते हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळ्या व्हायच्या. यंदा ठरवलं होतं की बोलायचंच.

"पोऱ्याना फोनवर हाई कसं बोलू? पोऱ्यासमोर रडाले येस का?" त्या म्हणाल्या. माझ्यासमोर मात्र त्या रडत होत्या.

पण रोजची खुशाली तरी कळायला हवी होती. मीच साधा फोन लावून दिला. पलीकडून कोणीतरी उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला. काकींनी "भाईसा?" म्हटलं. पुन्हा श्वास. काकींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडे कशावर तरी टण्ण वाजलं.

भाईसा जेवायला बसले होते. त्यांनी चमचा वाटीवर वाजवला होता.

दोघांचं जमायला वेळ लागला नाही. एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. रोज दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की काकी माझ्या दुकानात यायच्या आणि स्पीकर लावून फोन करायच्या. "भाईसा, जीम लिया?" टण्ण. "दाल?" टण्ण टण्ण. "कढी?" टण्ण. "सून मिरची घालते का अजून?" या अर्थाचं काहीतरी त्या मारवाडीत विचारायच्या, आणि तिथे वाटी अशी वाजायची की कढी सांडली असावी. काकी पदर तोंडाला लावून हसायच्या. मी गिऱ्हाइकाच्या मोबाईलला काच चिकटवता चिकटवता ऐकायचो. खरं सांगतो, एखाद्या दुपारी त्यांना उशीर झाला तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा मी म्हटलं, "काकी, रोज बोलतस ना? मंग ते बी बोली टाका."

"अन् दोन टोला पडनात तं?" त्या म्हणाल्या. "मी काय करू मंग?"

मग त्यांनी मला समजावलं, एखाद्या पोराला समजवावं तसं. ॲपवर कसं, निरोप धाडून दिला आणि फोन उलटा ठेवून दिला की झालं. उत्तर जेव्हा यायचं तेव्हा येईल, छाती घट्ट करून मग बघायचं. फोनवर उत्तर तोंडावर येतं. तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती.

पहिल्या विनंतीला नकार आला. मी चिडून दुसरी पाठवली. त्यात संवत्सरी काय असते, या बाईंनी कोणाला काही विकलेलं नाही, फक्त क्षमा मागितली आहे, असं सगळं सविस्तर लिहिलं. ते कोणी वाचलं की नाही देव जाणे. पण एक दिवस दुपारी काकींच्या फोनवर ॲप उघडून पाहिलं तर उघडलं.

मी रस्त्यातच ओरडलो. काकी धावत आल्या, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जमेल तेवढ्या धावत. फोन हातात घेतात न घेतात तोच तो टुणटुण वाजायला लागला. भाईसांचे फोटो. खातं बंद झाल्यापासून रोजचे. इकडे काही पोचत नाही हे माहीत असूनही ते पाठवत राहिले होते. गॅलरीतलं ऊन, फुटलेला कप, औषधाची बाटली, नातवाच्या वाढदिवसाची टोपी घातलेले ते स्वतः, कपाळावर अर्धा अंगठा.

काकी एकेक फोटो बघत खाली खाली जात होत्या. "मी नव्हती तरी धाडी ऱ्हाय्नात," एवढंच त्या म्हणाल्या.

"आते धाडा तुमना निरोप," मी म्हणालो. "धाडा अन् फोन उलटा ठी द्या."

त्यांनी बोट माईकच्या खुणेपर्यंत नेलं. मग मागे घेतलं. "नही," त्या म्हणाल्या, "फोनच लावस."

मी लावून दिला. वाटी वाजली, म्हणजे भाईसा आले. काकींनी जेवणाचं विचारलं नाही. त्या दिवशी फोनवर आपण काय बोललो होतो ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. तुम्ही नसतात तर मी कोणाशी बोलले असते, हे तेव्हा मला कळलं नव्हतं, असं म्हणाल्या. फोनवर पहिल्यांदाच त्या इतक्या हळू बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाईसा, म्हनै माफ कर दीजो."

पलीकडे चमचा ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

एक टोला नाही, दोन नाहीत. काकी फोनकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी फोन कट झाला का ते पाहिलं. कट झाला नव्हता, सेकंद पुढे सरकत होते. "भाईसा?" काकींनी विचारलं. पुन्हा शांत.

मग फोनवर भाईसांची सून आशा आली. ती घाबरली होती. मारवाडीतच बोलली, पण इतक्या वर्षांच्या शेजारानं मला कळलं. ती विचारत होती, भुआसा, म्हणजे आत्या, तुम्ही बाबांना काय सांगितलंत? ते फोनसमोर दोन्ही हात जोडून बसलेत. मी चमचा हातात देतेय तर घेत नाहीत. हात सोडतच नाहीत.

काकींनी फोन काउंटरवर ठेवला आणि फोनसमोर हात जोडले. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो, आणि एका टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून दटावलं.