मनमाडचं पाणी

नागपूरच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा अजून उजाडायचं होतं, आणि मी आधीच दमलेला होतो. सातपूरच्या आमच्या कारखान्यातून गेलेलं एक यंत्र तिथे रुसून बसलं होतं. चार दिवस त्याची मनधरणी करून मी घरी निघालो होतो. नाशिकरोडपर्यंत झोपायचं, एवढाच बेत होता.

पण माझी जागा दाराजवळची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाणी विकत घेणं तेव्हा उधळेपणाचं वाटे. जो तो घरून बाटली आणायचा, आणि दाराशी बसलेला माणूस सगळ्यांचा पाणक्या, हा गाडीतला न लिहिलेला कायदा. वर्ध्याला मी दोन बाटल्या भरल्या. अकोल्याला पाच, आणि वर एका काकूंनी "जरा गार बघून आणा हं" असं बजावलं. मोबदल्यात त्यांनी सांबारवडी (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) दिली. ती झकास होती, हे कबूल केलं पाहिजे. भुसावळच्या नळावर मात्र इतकी रेटारेटी झाली की माझी एक चप्पल चिखलात रुतून बसली. ती उपसून काढली आणि मनाशी ठरवलं, बस्स, आता परोपकार संपला.

जळगावला समोर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. दिंडोरीकडचे शेतकरी, लेकीला भेटून घरी निघालेले. मला पाय पसरता यावेत म्हणून बाबांनी आपले पाय बाकावर दुमडून घेतले. बाहेर उन्हात तापलेली काळी रानं सरत होती. चाळीसगाव गेलं, माझी बाटली रिकामी झाली, मी ती खिडकीशी ठेवून दिली.

मनमाड जवळ आलं तशी समोर कुजबुज सुरू झाली. मी घाईघाईने डोळे मिटले.

"त्या दादांना सांगा ना, पानी आनतील," आजी म्हणाल्या.

"राहू दे. झोपेल हाय तो. दमेल मानसाला उठवू नाय. मी आनतो."

मी ते नीट ऐकलं. उठायला हवं होतं. उठलो तर नाहीच, वर थोडं घोरूनही दाखवलं.

गाडी मनमाडला थांबली, पुन्हा हलली, वेग घेऊ लागली. मग माझ्या खांद्याला कुणीतरी हळूच बोट लावलं.

"दादा, तुमची झोपमोड केली," आजी म्हणाल्या. "पन हे आले नाय अजून."

मी दाराकडे धावलो. फलाट केव्हाच मागे पडला होता. साखळी ओढायला हात वर केला, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मागच्या डब्यात चढले असतील हो." मी मागचे सगळे डबे पालथे घातले. शेवटी जनरलचा डबा होता, पण तिथे आतून जायला वाट नव्हती. बाबा त्या डब्यात असतील, नाहीतर मनमाडला राहिले असतील. तिसरी शक्यता मी मनात येऊ दिली नाही.

"घावले?" आजींनी विचारलं.

"मागे असतील, आजी. नाशिकरोडला भेटतील."

"त्यांच्यानं पळवत नाय. गुडघे लय दुखत्यात." मग त्यांनी गाठोडं सोडलं आणि लेकीने दिलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) माझ्यापुढे धरली. "खा. माझ्यापायी लय हिंडला तुमी."

मी एक तुकडा मोडून घेतला आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. लासलगाव गेलं, निफाड गेलं. इतका लांबलचक तास मी आयुष्यात पाहिला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या बाईने माझी माफी मागितली होती, याची त्याहून जास्त.

नाशिकरोडला आजींचं गाठोडं घेऊन मी आधी उतरलो. गर्दी आमच्या अंगावरून जात होती. ती ओसरली तेव्हा फलाटाच्या पार टोकाकडून एक टोपी लंगडत येताना दिसली. आजी मटकन गाठोड्यावरच बसल्या.

"गाडी हालली, मंग जो डबा म्होरं आला त्यात लोकांनी मला वढून घेतलं," बाबा धापा टाकत म्हणाले. छातीशी उपरण्यात दोन बाटल्या होत्या. एक त्यांची. दुसरी त्यांनी माझ्या हातात दिली. "तुमची बी रिकामी व्हती, म्हून भरली."

खिडकीशी ठेवलेली ती बाटली त्यांनी उचलून नेल्याचंही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "बाबा, मी जागा होतो."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पापन्या हालत व्हत्या. पन दमेल व्हता ना तुमी?"

त्यानंतर कामासाठी पुष्कळ फिरलो. पाणी विकत घ्यायची सर्वांना सवय झाली, आता कुणी कुणापुढे बाटली धरत नाही. गाडीत बसलो की मी लगेच झोपतो. मनमाडला मात्र मला अजूनही झोप येत नाही.