माझ्या नावाने लिहिणारा भामटा

मी वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीने शेरे मारतो. बाकीचेही मारतात, कबूल करत नाहीत, एवढाच फरक. 'भंपक', 'लेखकाने ठाकूरद्वार पाहिलेलं दिसत नाही' अशा माझ्या बहुमोल मतांवर गिरगावातले कित्येक वाचक पोसले गेलेत. (निनावी, अर्थात. मार कोण खाणार?)

मग आमच्या ग्रंथपाल सुलभाताईंनी वाचनालयाचं ॲप काढलं. "काका, शेरे आता इथे मारायचे. पुस्तकाला पेन्सिल लावलीत तर याद राखा!"

संताप संताप झाला, पण निमूट फोन पुढे केला. त्याच संध्याकाळी एका तीन खंडांच्या कादंबरीखाली लिहिलं, 'टुकार. लेखकाने काही वर्षं गप्प बसावं.' तर शेजारी माझं अख्खं नाव उमटलं! पेन्सिलीने असा दगा कधी दिला नव्हता. (आमच्या हिचा त्या कादंबरीवर भारी जीव. शेवटच्या खंडासाठी गणपतीपासून नंबर लावून बसलेली.)

सकाळी बघतो तर खाली, माझ्याच नावाने, दुसरा शेरा: 'अप्रतिम! वाचताना रडू आवरेना.'

खालच्या मजल्यावरचे नेने जिन्यातच भेटले. "काय हो, रात्रीत मत बदललं? रडलात म्हणे!"

डोकंच फिरलं! लगेच ठोकलं, 'हे मी लिहिलेलं नाही! कुणी भामटा माझं नाव वापरतोय!'

उत्तर हजर, माझ्याच नावाने: 'भामटे तुम्ही! आमच्या खात्यात घुसता आणि वर तोंड करता?'

मी गॅलरीत तावातावाने टाइप करतोय, ही स्वयंपाकघरात दात-ओठ खात फोनवर बोटं आपटतेय. (मला वाटलं, बहिणीशी वाजलं असेल.) एका माणसाचं स्वतःशीच चाललेलं भांडण अख्खी वाडी फुकटात बघत होती. दुपारी नेन्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

मी तडक वाचनालयात. "सुलभाताई, आमचं खातं बंद करा!"

"काका, ऐका तरी. तुमचं घरचं एकच खातं, काकूंच्या फोनवरही मीच..."

"एक शब्द नको! आत्ताच्या आत्ता बंद!"

त्यांनी सुस्कारा सोडला आणि खातं बंद केलं.

घरी आलो तर ही दारातच. "अहो, आपलं खातं गायब! आजच माझा नंबर लागला होता हो! त्या मेल्या भामट्याचंच काम!"

"त्याचा कायमचा बंदोबस्त करून आलोय!" मी छाती फुगवून सगळं सांगितलं.

तिने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे टुकार तुम्ही लिहिलंत?"

पुढचं लिहिण्यासारखं नाही.

शेवटचा खंड रांगेतल्या पुढच्या वाचकाला, म्हणजे नेन्यांना मिळाला. ते पुस्तक घराबाहेर सोडत नाहीत. त्यामुळे ही रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन वाचते आणि कुकर मी लावतो. काल भात करपला. "कोणी लावला हा कुकर?" मी ताडकन ओरडलो.

घरात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.