तिचा आकडा, माझा आकडा

२००३ साली मी परभणीहून घोटावड्याला आले. रबराचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीची नोकरी होती. जवळच एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली. वर्षभराने त्या घरची सूनही माझ्याच टेबलावर कामाला लागली. बारावी झालेली, चुणचुणीत. मला ताई म्हणायची. सकाळी दोघी बरोबरच निघायचो, आणि तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची.

मग साहेबांनी सांगितलं, दोघींतल्या एकीलाच कायम करणार. त्या दिवसापासून मी तिच्याशी मोजून बोलायला लागले.

साच्यातून निघालेला रबराचा तुकडा थंड होऊ द्यायचा, मगच त्याचा कडकपणा मोजायचा. गरम असताना मोजला तर तो असतो त्यापेक्षा मऊ दाखवतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी चुका करून, बोलणी खाऊन शिकले होते.

एक दिवस ती म्हणाली, "ताई, तुमचा आकडा आन माझा आकडा जुळंना. काय चुकतंय वो माझं?"

तिच्या हातातला तुकडा नुकताच साच्यातून आलेला. मला दिसत होतं.

"मलाही नाही कळत गं," मी म्हणाले. "मीटर जुनं झालंय."

महिन्याभरात तिने पास केलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला. फार कडक निघाला होता. साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. मी मान खाली घालून रजिस्टर भरत राहिले. शनिवारी तिला कामावरून काढलं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या ताई. माझ्याच डोक्यात शिरत न्हाई."

मी कायम झाले. ती घरी बसली. परत कुठे नोकरीला विचारायलाही गेली नाही. माझ्यासाठी भाजी मात्र आणून द्यायची, आणि मी ती घेत राहिले.

२००९ मध्ये खोली सोडताना मी तिला सगळं सांगितलं. पडवीत ती शेंगा फोडत होती. हात थांबले.

"म्हंजे मला जमत व्हतं?"

"हो."

"पाच वर्सं मी सोताला येडी समजत व्हते, ताई."

शेंगा तशाच टाकून ती आत गेली. मी माफी मागू शकले नाही. सामानाचा टेम्पो निघाला, तेव्हा तिच्या सासूबाई दारापर्यंत आल्या. ती आली नाही.